नाव पोर्तुगीज, घर मुंबईचं

दोस्तांनो, मुंबईत दादरला पश्चिमेकडे गोखले रोडवरून जाणाऱ्या बसमध्ये कधी बसलात, तर एका थांब्याचं नाव तुमच्या कानावर नक्की पडेल. पोर्तुगीज चर्च! चार माणसं उतरतात, सहा चढतात. कुणाला बाजारात जायचं असतं, कुणाला क्लासला, कुणाला मावशीकडे. चर्चमध्ये कधी पाऊलही न टाकलेली माणसं रोज दहा वेळा चर्चचं नाव घेतात. "पोर्तुगीज चर्चपाशी भेट, मी तिथे उभा राहतो," असं म्हणतात.

आता समजा, एखादा नवखा पाहुणा तिथे उतरला. गोव्याला जाऊन आलेला. त्याच्या डोक्यात पोर्तुगीज चर्च म्हणजे काय असेल? चुन्याने रंगवलेली पांढरीशुभ्र उंच दर्शनी भिंत, दोन बाजूंना दोन मनोरे, मध्ये घंटा. तो इकडे बघतो, तिकडे बघतो. आणि दिसतात काय, तर काँक्रीटची मोठमोठी वळणदार कवचं! कुणीतरी अवाढव्य नरसाळी उलटी करून एकमेकांशेजारी ठेवावीत, तशी. पाहुणा बिचारा विचारतो, "अहो, ते जुनं पोर्तुगीज चर्च कुठे आहे?" आणि उत्तर मिळतं, "हेच की!"

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत बरं का. चर्च आहे चारशेहून अधिक वर्षांचं. आणि इमारत आहे १९७७ सालची. हे कसं काय? आज आपण हेच कोडं सोडवणार आहोत.

आधी धर्मग्राम, मग इमारत

सुरुवात एका शब्दापासून करू. हे चर्च 'पॅरिश चर्च' आहे. आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती लोक पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतात. किती छान शब्द आहे! कॅथलिक पंथाची माणसं जिथे राहतात, त्या भागाचे असे धर्मग्राम पाडलेले असतात. प्रत्येक धर्मग्रामाचं एक चर्च आणि त्याचे एक प्रमुख धर्मगुरू. मूल जन्मलं की बाप्तिस्मा इथे, लग्न इथे आणि शेवटचा निरोपही इथेच. या सगळ्याच्या नोंदी चर्चच्या वहीत होतात. पणजोबांचं लग्न कधी झालं, हे ज्या घरात कुणालाच सांगता येत नाही, त्या घराला ते चर्चच्या वहीत सापडू शकतं.

म्हणजे धर्मग्राम आधी माणसांचा असतो, आणि मग दगडविटांचा. एवढं ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

साल्वासाँव

आता जाऊ या मागे, सोळाव्या शतकात. तेव्हा मुंबई नावाचं शहर नव्हतंच. होती सात बेटं, मधे खाड्या आणि दलदल. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ साली वसईच्या तहात हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांच्या गलबतांतून सैनिक आले, व्यापारी आले आणि पाद्रीही आले. त्यात संत फ्रान्सिसच्या पंथाचे, म्हणजे फ्रान्सिस्कन साधू होते. त्यांनी माहीम बेटाच्या दक्षिण भागात, आजच्या दादरला, १५९६ साली एक चर्च बांधलं. मरियामातेच्या नावाने. पोर्तुगीज भाषेत नाव ठेवलं 'नोसा सेन्योरा दा साल्वासाँव'. साल्वासाँव म्हणजे तारण. तारणारी माता! आजही या चर्चचं अधिकृत इंग्रजी नाव 'अवर लेडी ऑफ साल्वेशन' असंच आहे.

त्या वेळचं दादर कसं होतं? जॉन फ्रायर नावाचा एक इंग्रज डॉक्टर १६७३ साली मुंबईत आला होता. त्याने आपल्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं आणि ते १६९८ साली छापलं गेलं. त्यात फ्रान्सिस्कनांच्या या चर्चचा आणि मठाचा उल्लेख आहे. पण साहेबाच्या कानाला पोर्तुगीज उच्चार पेलला नाही. त्याने नाव लिहिलं 'साल्व्हासाँग'! आजूबाजूला काय दिसलं, तर नारळ, फणस आणि आंब्याची झाडं. आज त्याच भागात सिग्नलला उभं राहून बघा. झाड शोधावं लागेल.

जाता जाता एक गंमत. पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द आपल्या घरात राहिले. चावी, बटाटा, पाव, बादली, इस्त्री, लिलाव, बिजागरी हे सगळे पाहुणे तिकडचेच. 'पाद्री'ही त्यातलाच. आणि कोकण-गोव्याकडे चर्चला 'इगर्ज' म्हणतात ना, तो शब्दसुद्धा पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून आला. आजीच्या तोंडी असतात म्हणून आपल्याला ते परके वाटत नाहीत, इतकंच!

वसईचं एक चर्च, दादरचं एक चर्च

दादरच्या या चर्चच्या नशिबात पुढे काय काय आलं, ते समजायला जरा वसईला जाऊन येऊ.

वसईच्या किल्ल्यात संत जोसेफ यांच्या नावाचं एक चर्च होतं. तेही धर्मग्रामाचंच चर्च आणि वसईतलं मुख्य. १५४६ च्या सुमाराचं, पुढे १६०१ साली वाढवलेलं. त्याचा मनोरा आजही उभा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजांनी वसई जिंकली. ही लढाई तुम्ही इतिहासात शिकला असालच. किल्ल्यातले पोर्तुगीज निघून गेले. चर्च ओस पडली. त्यांच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या आणि देवळांतून टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा पाहिलीत? किंवा वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची? त्या मूळच्या चर्चच्या घंटा आहेत. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मरियाही दिसते. किल्ल्याबाहेरच्या गावांतले ख्रिस्ती लोक मात्र वसईतच राहिले आणि त्यांची चर्च आजही गजबजलेली आहेत. ओस पडली ती किल्ल्यातली.

मग दादरचं चर्च त्या धामधुमीतून कसं वाचलं? कारण ते मुंबई बेटांच्या हद्दीत होतं. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं, तेव्हा १६६१ च्या करारात मुंबई आंदण म्हणून द्यायची ठरली. प्रत्यक्ष ताबा मिळाला १६६५ साली. राजाने १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला फक्त १० पौंड भाड्याने देऊन टाकली! तेव्हा वसईची लढाई झाली त्या वेळी मुंबईवर इंग्रजांचा झेंडा होता.

पण इंग्रजांच्या हाताखाली पोर्तुगीज पाद्री सुखाने नांदले असं नाही. ते गोव्याचं ऐकणार की आपलं, असा इंग्रजांना संशय. १७२० साली त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना मुंबईतून जायला सांगितलं आणि चर्चची व्यवस्था दुसऱ्या पंथाच्या, कार्मेलाइट धर्मगुरूंकडे दिली. म्हणजे बघा, पोर्तुगीज राज्य गेलं, पोर्तुगीज साधूही गेले. राहिले कोण? इथलीच माणसं. शेती करणारी, मासे मारणारी, ताडा-माडावर चढणारी, घरी मराठीचीच एक बोली बोलणारी. त्यांतल्या मुंबईच्या मूळ रहिवाशांनी १८८७ साली स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. नाव इंग्रजी, प्रार्थना तेव्हा लॅटिन, चर्च 'पोर्तुगीज' आणि बायकांच्या अंगावर लुगडं! आहे की नाही खास मुंबईची मिसळ?

पुढे दादर बदललं. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीने राहणं किती धोक्याचं, हे सगळ्यांना कळलं आणि दादर-माटुंग्याला आखीव रस्त्यांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. वाड्या गेल्या, चाळी आणि इमारती आल्या. नारळाच्या बागांतलं चर्च भर शहरात आलं.

लांब दालन की गोल अंगण?

आता येऊ १९६० नंतरच्या काळात. एक मोठी गोष्ट घडली, तीही दूर रोममध्ये.

जुन्या चर्चची रचना आठवा. लांबच लांब दालन. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला वेदी. आगगाडीच्या डब्यात बसावं तसे सगळे एकामागे एक. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, म्हणजे लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा म्हणायचे. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना. शेवटच्या बाकावरच्या माणसाला पुढचं फारसं दिसायचं नाही, आणि लॅटिन तर पहिल्या बाकावरच्यालाही कळायचं नाही!

१९६२ ते १९६५ या काळात रोमला कॅथलिक बिशपांची मोठी परिषद भरली. दुसरी व्हॅटिकन परिषद असं तिचं नाव. या परिषदेनंतर उपासना लोकांच्या भाषेत होऊ लागली. मुंबईच्या चर्चमधून इंग्रजीबरोबर मराठी आणि कोंकणीही ऐकू येऊ लागली. वेदी भिंतीपासून पुढे आली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. आता प्रार्थना म्हणजे नुसतं बघायचं नाही, सगळ्यांनी मिळून करायची.

मग साहजिकच प्रश्न आला. सगळ्यांनी मिळून काही करायचं, तर डब्यासारखं लांब दालन बरं, की सगळे भोवती बसतील असं अंगण बरं? तुमच्या वर्गाचंच बघा ना. बाई फळ्यावर शिकवतात तेव्हा रांगा ठीक असतात. पण गोष्ट सांगायची झाली की तुम्ही काय करता? घोळका करून बसता!

दादरला जुनी वास्तू जाऊन नवी उभारायचं ठरलं. १९७४ ते १९७७ या काळात नवं चर्च बांधलं गेलं. त्याचा आराखडा केला चार्ल्स कोरिया यांनी.

आकाशाशी मैत्री असलेला वास्तुशिल्पी

कोरिया यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादचा. घराण्याचं मूळ गोव्याचं. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकले, पुढचं शिक्षण अमेरिकेत घेतलं आणि परत येऊन मुंबईतच काम सुरू केलं. साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय त्यांचं. पुण्याच्या विद्यापीठाच्या परिसरात खगोलशास्त्राची 'आयुका' संस्था आहे, जिथल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, तीही त्यांचीच रचना. खाडीपलीकडे नवी मुंबई वसवावी, ही कल्पना १९६० च्या दशकात ज्या तिघांनी मांडली, त्यांतले ते एक. दुसऱ्या होत्या प्रवीणा मेहता आणि तिसरे शिरीष पटेल. कोरिया यांचं २०१५ साली निधन झालं.

त्यांचं एक आवडतं म्हणणं होतं. थंड देशात माणसाला बंद पेटीसारखं घर लागतं. पण आपल्याकडे वर्षातला कितीतरी काळ आकाशाखाली बसावंसं वाटतं. पहाटे गच्चीवर, संध्याकाळी ओट्यावर, रात्री अंगणात. मग इमारत नुसती छपराची कशाला? थोडं छप्पर, थोडं आकाश!

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतंच. जुन्या वाड्याचा चौक आठवा. चारही बाजूंना खोल्या आणि मधे आकाश. उजेडही तिथून, वाराही तिथूनच.

दादरच्या चर्चमध्ये कोरियांनी हेच केलं. एकच एक मोठं दालन न बांधता छप्पर असलेल्या जागा आणि उघडे चौक एकमेकांत गुंफले. त्यामागे त्यांनी येशूच्या आयुष्यातले तीन टप्पे धरले होते. पहिला, योहानाच्या हातून बाप्तिस्मा. दुसरा, लोकांमध्ये फिरून केलेला उपदेश. तिसरा, बलिदान. आता विचार करा, येशूने उपदेश कुठे केला? डोंगरावर, तळ्याकाठी, रस्त्यात. म्हणजे आकाशाखालीच की! तेव्हा चर्चमध्ये उघडा चौक असणं ही नुसती हौस नाही. गोष्टीशीही त्याचं नातं जुळतं.

कवच आणि वारा: करून बघा

आता त्या उलट्या नरसाळ्यांकडे वळू. छप्पर असं वळणदार कशाला? सपाट स्लॅब टाकला असता तर?

एक जाड कागद घ्या. दोन पुस्तकं वीतभर अंतरावर ठेवून त्यांच्यावर पुलासारखा तो आडवा ठेवा. मधोमध खोडरबर ठेवा. काय झालं? कागद खाली वाकला. आता तोच कागद कमानीसारखा वाकवून दोन पुस्तकांच्या मधे नीट अडकवा आणि वर खोडरबर ठेवा. आता कमान तोलून धरते! कागद तोच, जाडी तीच, नुसता आकार बदलला. वळण दिलं की वजन एका जागी न साचता सगळीकडून खाली जमिनीकडे उतरतं. म्हणूनच अंड्याचं कवच इतकं पातळ असून कोंबडीच्या वजनाने फुटत नाही. काँक्रीटच्या कवचाचंही तसंच. मधे खांबांची गर्दी न करता मोठी जागा झाकता येते. खांब नाहीत म्हणजे कुणाच्या डोळ्यांआड काही येत नाही.

दुसरा प्रश्न. स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढणारा पंखा भिंतीत वरच्याच बाजूला का बसवतात? आईला विचारण्याआधी स्वतः विचार करा. बरोबर, तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. आता शेकडो माणसं एका छपराखाली बसली आहेत असं समजा. मे महिना. हवा तापणार, वर चढणार. नरसाळं वर निमुळतं होत जातं आणि तिथे तिला बाहेर पडायला वाट असते. ती गेली की तिची जागा घ्यायला सावलीतल्या चौकातून गार हवा आत येते. दादरचं छप्पर असं चालतं, वीज न खाणारा पंखाच म्हणा ना! कोरियांनी हा खेळ आधीही करून पाहिला होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादसाठी त्यांनी एका अरुंद, लांबोळक्या घराचा आराखडा केला होता. त्याचं उतरतं छप्पर तापलेली हवा वर नेऊन बाहेर सोडायचं. ते घर आज उरलेलं नाही, पण कल्पना दादरला येऊन मोठी झाली.

आणि उजेड? तो वरूनच येतो. जुन्या कारागिरांनीही उजेडाचा विचार केला होता बरं. गोव्याच्या जुन्या घरांच्या आणि चर्चच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदानं असायची. कडक ऊन त्यातून गाळून दुधाळ होऊन आत यायचं. दादरला हे काम वरच्या काचेने केलं. तिच्यावरचं रंगकाम कुणाचं, माहीत आहे? मकबूल फिदा हुसेन यांचं. तेच जगप्रसिद्ध चित्रकार, जे तरुणपणी मुंबईत सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवायचे. त्यांचा जन्म १९१५ सालचा आणि गाव कुठलं? आपलं पंढरपूर! पंढरपुरात जन्मलेल्या मुसलमान चित्रकाराने रंगवलेल्या काचेतून दादरच्या चर्चमध्ये उजेड उतरतो. याला मुंबई म्हणतात.

मग जुनं कोणतं?

आता परत कोड्याकडे. वसईच्या किल्ल्यातलं संत जोसेफ चर्च आणि दादरचं साल्वासाँव. वसईला दगड तेच आहेत, मनोरा तोच आहे. पण रविवारी तिथे नेमाने कुणी जमत नाही, नोंदीची वही नाही, बाप्तिस्म्याला रडणारं बाळ नाही. दादरला दगड जुने नाहीत, आकार जुना नाही. पण माणसांची साखळी १५९६ पासून चालत आली आहे. मग या दोघांत खरं जुनं कोणतं?

तुमच्या आजोबांच्या कुऱ्हाडीचा आधी दांडा बदलला, मग पातं बदललं. आता ती आजोबांची कुऱ्हाड म्हणायची का? हा तसाच प्रश्न. मला विचाराल, तर धर्मग्राम म्हणजे माणसं हे एकदा मानलं, की दादरचं चर्च जुनंच ठरतं. घर लहान पडतं, रीत बदलते, तेव्हा नवं घर बांधावं लागतं. त्यात काही पाप नाही. नुसतं जुन्यासारखं दिसावं म्हणून खोटे मनोरे उभारण्यापेक्षा, आपल्या हवेला, आपल्या पावसाला आणि आपल्या माणसांना सोयीचं घर बांधणं केव्हाही चांगलं. कोरियांनी तेच केलं. माहीमचं सेंट मायकल चर्चही असंच फार जुनं, पण आजची इमारत १९७३ सालची.

पण थांबा. दुसरी बाजूही आहे. जुनी वास्तू गेली की तिच्याबरोबर बरंच काही जातं. ज्या उंबऱ्यावर दहा पिढ्यांची पावलं पडली, तो उंबरा जातो. आजीचं लग्न ज्या वेदीसमोर झालं, ती वेदी नातीला दाखवता येत नाही. एकदा पाडलेलं परत उभं करता येत नाही. ते नवं बांधणाऱ्याने कितीही चांगलं बांधलं, तरी हे नुकसान भरून निघत नाही. म्हणून जुनं पाडण्याआधी दहा वेळा विचार करायचा, आणि पाडायचंच झालं तर त्याची नीट नोंद ठेवायची. फोटो, मापं, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. आणि त्या जागी जे उभं करायचं, ते जुन्याच्या तोडीचं हवं. नाहीतर जुनंही गेलं आणि नवंही धड नाही, असं व्हायचं. आपल्या आसपास अशी उदाहरणं तुम्हाला शोधावी लागणार नाहीत.

या गोष्टीला एक झकास शेपूटही आहे. पोर्तुगालच्या लिस्बन शहरात तेजो नदी जिथे समुद्राला मिळते, त्या बेलें भागातून १४९७ साली वास्को द गामाची गलबतं भारताकडे निघाली. त्याच किनाऱ्यावर २०१० साली वैद्यकीय संशोधनाचं एक मोठं केंद्र सुरू झालं. त्या इमारतीचा आराखडा कुणी केला असेल? चार्ल्स कोरिया यांनी! पोर्तुगीजांनी दादरला चर्च बांधलं आणि चार शतकांनी दादरचं चर्च नव्याने बांधणारा माणूस पोर्तुगालला जाऊन इमारत बांधून आला. फिट्टंफाट!

तुमच्यासाठी काम

आता या आठवड्यात एक करा. तुमच्या गावातलं, पेठेतलं किंवा गल्लीतलं एखादं जुनं देऊळ, मशीद, चर्च, अग्यारी, वाडा, नाहीतर तुमची शाळाच निवडा. वही घेऊन जा. आत जायची परवानगी विचारा आणि जिथे जो नियम असेल तो पाळा. मग तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. उजेड कुठून येतो? वारा कुठून येतो, कुठून जातो? पावसाचं पाणी कसं बाहेर पडतं? जमलं तर दोरीने लांबी-रुंदी मोजा आणि आराखडा काढा. शेवटी तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "तुमच्या लहानपणी इथे वेगळं काय होतं?" तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

आणि पालकहो, मुलांबरोबर तुम्हीही जा बरं का. दोरीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच!

काढलेले आराखडे आणि ऐकलेल्या आठवणी आम्हाला जरूर पाठवा. भेटू या पुढच्या अंकात, आणखी एका वास्तूच्या दारात.